डिस्क जाणारच आहे

माझ्या टेबलाच्या खणात विजेचा एक जळका कनेक्टर आहे. पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन ओघळलंय, आतल्या दोन पिना काळ्या पडल्यात. एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, साटा वायरी कमी पडल्या म्हणून जुन्या चार पिनांच्या सॉकेटवरून डिस्कला वीज देणारा हा तुकडा मी लावला होता. रात्री अकराला जळका वास आला, धावत जाऊन बटण बंद केलं, डिस्क वाचल्या. ओळखीतलं कुणी घरी मोठा स्टोरेज सर्व्हर बांधायला निघालं की पहिला प्रश्न येतो, ‘प्रोसेसर कुठला घेऊ?’ मी आधी हा कनेक्टर हातावर ठेवतो. साच्यात प्लास्टिक ओतून बनवलेल्या कनेक्टरमध्ये तारा एकमेकींच्या फार जवळ असतात. त्या चिकटल्या की शॉर्ट. प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेला प्रकार मिळतो, तो घ्यावा. त्याहून बरं म्हणजे पुरेशा साटा वायरींचा एसएमपीएसच घ्यावा.

लोक या कामात पैसा आणि काळजी दोन्ही चुकीच्या जागी घालतात, असं माझं ठाम मत आहे. साठा किती, वेग किती, हे सगळे विचारतात. एखादी डिस्क बंद पडेल त्या दिवशी काय होईल, हे फार थोडे विचारतात. आणि डिस्क कधी ना कधी जाणारच असते.

लग्नांचं चित्रीकरण करणाऱ्या एखाद्याचं उदाहरण घेऊ. दहा वर्षांचं फुटेज पंधरा-वीस पोर्टेबल डिस्कमध्ये विखुरलेलं. ते एका जागी आणायला त्याने १६ टीबीच्या आठ डिस्क घ्यायचं ठरवलं. सोळा आठे एकशे अठ्ठावीस, म्हणजे १२८ टीबी जागा, हा त्याचा पहिला गैरसमज. कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट मोजते आणि संगणक बऱ्याचदा १०२४च्या पटीत मोजतो, त्यामुळे १६ची डिस्क पडद्यावर १४.५५ दिसते. फसवणूक नाही, मापं वेगळी आहेत. आठपैकी दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला गेली की उरतात सुमारे ८७. शिवाय झेडएफएससारखी फाइल सिस्टीम जुन्या मजकुरावर न लिहिता नेहमी नव्या जागी लिहिते, म्हणून तिला मोकळी जागा लागते. साठा ८० टक्क्यांवर थांबवायचा म्हटलं तर हातात सत्तरच्या आसपास. बजेट या आकड्यावर मांडायचं.

पॅरिटी म्हणजे काय, हे किराणा दुकानाच्या वहीवरून कळतं. पाच रकमा लिहिल्या, खाली बेरीज मांडली. एका रकमेवर पाणी सांडलं तर बेरजेतून बाकीच्या वजा करून ती परत मिळते. मात्र दोन पुसल्या तर एका बेरजेने भागत नाही. ‘एक पॅरिटी पुरते, दोन डिस्क एकदम कशाला जातील?’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशोब करून पाहावा. १६ टीबीची नवी डिस्क भरून काढायची आणि वेग सलग २०० एमबी प्रतिसेकंद मिळाला, तर ८०,००० सेकंद लागतात. म्हणजे बावीस तासांहून जास्त, तेही सर्व्हर दुसरं काहीच करत नसेल तर. या सगळ्या वेळात उरलेल्या सात डिस्क अखंड वाचल्या जात असतात. आणि आठही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतात, वय आणि झीज सारखीच.

याच बाबतीत उलट टोकाची भीतीही पसरलेली आहे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १०० लाख कोटी बिट वाचनामागे जास्तीत जास्त एक चूक, असा आकडा असतो. त्याचा हिशोब १२.५ टीबी होतो. त्यावरून ‘एवढा डेटा वाचला की चूक ठरलेलीच, म्हणजे एक पॅरिटी लावली तर सगळा साठा बुडणार’ असं सांगितलं जातं. तो आकडा कंपनीने दिलेली वरची मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. घरोघरचे सर्व्हर दर महिन्याला याहून कितीतरी जास्त डेटा वाचतात आणि चूक निघत नाही. आणि निघालीच तर झेडएफएस सहसा ती एक फाइल खराब झाल्याचं नावानिशी सांगतं, बाकीचं शाबूत राहतं. दुसरी पॅरिटी लावायची ती त्या बावीस तासांसाठी आणि एकाच खोक्यासाठी.

‘नॅस’, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी, असं लेबल असलं की डिस्क चालते, हाही समज सोडावा लागेल. काही डिस्कमध्ये चुंबकीय पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. ही एसएमआर पद्धत. मंगलोरी कौलांचं छप्पर ज्याने शाकारलंय त्याला हे लगेच कळेल. खालच्या ओळीतलं एक कौल बदलायचं तर वरची आधी उचलावी लागतात. या डिस्कला एक पट्टी बदलताना शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. पोर्टेबल डिस्कवर वर्षातून दोनदा फोटो टाकणाऱ्याला फरक जाणवणार नाही, पण पॅरिटीतून डिस्क भरून काढताना ती रखडते, कधी सर्व्हर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. एप्रिल २०२०मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि माहितीपत्रकात तसं लिहिलेलं नव्हतं. नंतर कंपनीने यादी दिली. तेव्हापासून मी मॉडेल नंबर शोधून सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी पद्धत, हा शब्द दिसल्याशिवाय डिस्क घेत नाही.

रॅमबद्दल थोडक्यात. ‘दर टीबीला एक जीबी रॅम हवीच’ हा नियम घराला लागू नाही. झेडएफएस मोकळी रॅम वाचनासाठी वापरून घेतं, कमी असली तर कमी वापरतं. आपल्या चित्रीकरणवाल्याला १६ जीबी पुरेल. रॅम खरोखर खातं ते डीडुप्लिकेशन, म्हणजे सारखे तुकडे एकदाच साठवण्याची सोय. व्हिडिओत तिचा फायदा जवळजवळ शून्य, ती बंदच ठेवावी. चुका सुधारणारी ईसीसी रॅम जमली तर जरूर घ्यावी. पण ती नसेल तर झेडएफएस वापरूच नये, हे खरं नाही. झेडएफएसच्या निर्मात्यांपैकी एक मॅथ्यू आरेन्स यांनीच सांगितलंय की या बाबतीत ते इतर फाइल सिस्टीमपेक्षा जास्त हळवं नाही.

वेगासाठी एसएसडीची कॅश घेण्याआधी भिंतीतली केबल बघा. गिगाबिट नेटवर्क फार तर १२५ एमबी प्रतिसेकंद देतं, तर एक साधी हार्ड डिस्कही सलग वाचनात त्याच्या पुढे जाते. अडथळा केबलमध्ये असताना कॅश काय करणार? अडीच गिगाबिटचं कार्ड आणि स्विच घेतला तर फरक लगेच दिसतो.

‘घरात इन्व्हर्टर आहे, यूपीएस कशाला?’ हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर क्षणभर थांबून चालू होतो. ट्यूबलाइटला तो क्षण चालतो, सर्व्हरला नेहमीच चालत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे बॅटरी संपत आली, हे तो सर्व्हरला सांगू शकत नाही. अनेक यूपीएसना यूएसबी केबल असते, तिच्यावरून निरोप मिळाला की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. सुरू होतानाचा भारही मोजावा. प्रत्येक डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर जवळपास दोन अँपिअर ओढते, म्हणजे आठांचे सुमारे १९० वॅट एकदम. नंतर सगळं मिळून ८० वॅटवर स्थिरावलं तरी महिन्याला ५८ युनिट होतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, म्हणून हा आकडा घरच्यांना आधीच सांगावा.

आता ज्या गैरसमजाने सर्वांत जास्त आठवणी गिळल्या, त्याकडे येतो. ‘रेड आहे, म्हणजे बॅकअप आहे.’ हे रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत, वर आलेली वेस्टर्न डिजिटलची मालिका नव्हे. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८च्या निबंधात रेडची कल्पना मांडली, ती स्वस्त डिस्कच्या जुडीतून वेग मिळवण्यासाठी आणि एखादी डिस्क गेली तरी काम न थांबण्यासाठी. चुकून पुसलेलं फोल्डर रेड आठही डिस्कवरून इमानदारीने पुसतं. २०२२च्या जानेवारीपासून ‘डेडबोल्ट’ या रॅन्समवेअरने थेट इंटरनेटला उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची स्टोरेज यंत्रं कुलूपबंद केली, तेव्हा पॅरिटीचा काही उपयोग नव्हता. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम घरालाही झेपतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. सगळ्या सत्तर टीबीची दुसरी प्रत परवडत नसेल तर कापलेले अंतिम व्हिडिओ आणि घरचे फोटो तरी भावाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर जावेत.

डेटा गुपचूपही बिघडतो. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने २००७मध्ये आपला साठा तपासला तेव्हा कुठलीही सूचना न देता बिघडलेल्या फाइल सापडल्या. म्हणून महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळा साठा वाचून पडताळणं, आपोआप चालेल असं लावून ठेवायचं. ‘लिनस टेक टिप्स’ हे तर तंत्रज्ञानाचंच मोठं यूट्यूब चॅनल. २०२२च्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं की पेटाबाइटच्या घरातल्या त्यांच्या साठ्यावर स्क्रब लावलेलाच नव्हता, डिस्क एकेक करून बिघडत गेल्या आणि डेटा गेला.

पेटी जोडून झाली की प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करने तिच्या ट्रेवर लिहा. सर्व्हर ‘अमुक नंबरची डिस्क गेली’ एवढंच सांगतो. घाईत धडधाकट डिस्क ओढली तर एका संकटाची दोन होतात. मग, खरा डेटा टाकण्याआधी, दोनशे जीबी कसलेही व्हिडिओ भरा, सर्व्हर बंद करा, तिसऱ्या डिस्कची केबल काढा आणि पुन्हा चालू करा. व्हिडिओ लागतोय का बघा. फोनवर इशाऱ्याचा मेल आला का बघा, आणि त्यातले चार आकडे तिसऱ्या ट्रेवरच्या आकड्यांशी जुळवून बघा. मेल आला नाही तर त्या रात्री फुटेज टाकू नका.