संशोधकाच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन किती असावीत?

पीएच.डी.च्या तयारीला लागलेलं कुणी भेटलं की एक प्रश्न हमखास येतो: "ब्राउझरमध्ये कोणकोणती एक्स्टेन्शन टाकू?" माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. तीन, फार तर चार. एकेकाळी माझ्याकडे एकोणीस होती. बाकीची का काढली ते पुढे सांगतो, आधी राहिली त्यांच्याबद्दल.

हे मी पोखर्णीत, घरी बसून लिहितोय. नृसिंहाच्या मंदिरामुळे गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सुट्टीत इथं आलो की विद्यापीठाचं नेटवर्क मागे राहतं, हाती उरतो मोबाइलचा हॉटस्पॉट. कॅम्पसवर सहज उघडणारा पेपर इथं पैसे मागतो. अशा वेळी 'अनपेवॉल' कामाला येतं. पेपरच्या पानावर कडेला एक छोटं कुलूप दिसतं. ते हिरवं असेल तर पेपरची मोफत प्रत कुठंतरी आहे, क्लिक करा आणि वाचा. राखाडी असेल तर सापडली नाही.

यात चोरी काही नाही. स्वीकारलेल्या लेखाची स्वतःकडची प्रत आपल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवायला बरेच प्रकाशक लेखकाला परवानगी देतात. अनपेवॉल पेपरचा डीओआय क्रमांक घेऊन आपल्या सूचीत अशी प्रत आहे का ते बघतं. पण एक सांभाळा. ही प्रत छापील लेखासारखीच असेल असं नाही, आणि पृष्ठ क्रमांक तर बहुधा जुळत नाहीत. मी त्या प्रतीवरचे पृष्ठ क्रमांक थेट प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाकले होते. मार्गदर्शकांनी एकेका क्रमांकाभोवती लाल गोल करून पान परत दिलं.

दुसरं 'झोटेरो कनेक्टर'. पेपरच्या पानावर बटण दाबलं की लेखक, वर्ष, नियतकालिक, जमल्यास पीडीएफसुद्धा तुमच्या झोटेरो संग्रहात जातं. पुढे वर्डमध्ये संदर्भसूची आपोआप तयार होते. प्रबंध लिहायला बसल्यावर नाही, पहिला पेपर वाचताना हे सुरू करा. मात्र झोटेरो माहिती वेबसाइटवरूनच उचलतं. तिथं चूक असेल तर ती तुमच्या सूचीत येते. मराठी पुस्तकांच्या नोंदीत नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झालेली मी कित्येकदा बघितली. नोंद जतन केली की तिथल्या तिथं नजर टाका.

तिसरं 'यूब्लॉक ओरिजिन', जाहिराती अडवणारं. हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते, कारण अडवलेली जाहिरात डाउनलोडच होत नाही. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथं आता त्याची 'लाइट' आवृत्ती चालते. पूर्ण हवं असेल तर फायरफॉक्स घ्या. लॅपटॉप नसेल तरी अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये हे टाकता येतं.

आता त्या एकोणीसांकडे येऊ. माझं संशोधन शेतमजूर बायकांच्या कर्जावर आहे. गावातल्या एका मावशींनी दोन तास बोलून झाल्यावर विचारलं होतं, "लेकरा, हे कुणाला दिसणार नाही ना?" मी सहमतीपत्र वाचून दाखवलं, नाव बदलेन म्हणालो, आणि रात्री ती मुलाखत ब्राउझरमध्येच ऑनलाइन डॉक्युमेंट उघडून टाइप केली. काही दिवसांनी पीडीएफ बदलून देणाऱ्या एका फुकट एक्स्टेन्शननं माझं सर्च इंजिन परस्पर बदललं. म्हणून पहिल्यांदा त्याच्या परवानग्या उघडल्या. सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणं आणि बदलणं. म्हणजे ती मुलाखतसुद्धा! वाचली का, कळायला मार्ग नाही. पण वाचू शकत होतं, आणि परवानगी मीच दिली होती. मावशींना सहमतीपत्र वाचून दाखवणाऱ्या मी स्वतः मात्र न वाचता 'ॲड' दाबलं होतं.

"मी नावाजलेलीच टाकतो" असं म्हणाल, तर 'द ग्रेट सस्पेंडर'चं उदाहरण बघा. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं, वीस लाखांहून जास्त लोकांच्या ब्राउझरमध्ये असलेलं एक्स्टेन्शन. २०२० मध्ये मूळ निर्मात्यानं ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं घातक कोड असल्याचं सांगून ते काढून टाकलं. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं, त्यामुळे मालक बदलला तरी वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही.

यूब्लॉक आणि झोटेरोही व्यापक परवानगी मागतात. त्याशिवाय त्यांचं कामच चालणार नाही. फरक एवढाच, की त्यांचा कोड खुला आहे, आणि कोण चालवतं ते माहीत आहे. कॅल्क्युलेटर किंवा वॉलपेपरच्या एक्स्टेन्शनला तुमचं प्रत्येक पान वाचायचं काय कारण?

मी आता दोन प्रोफाइल ठेवतो. एकात ही तिन्ही एक्स्टेन्शन, वाचनासाठी. दुसऱ्यात एकही नाही. मुलाखती, ई-मेल आणि बँक तिथंच. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'क्लिक केल्यावरच' असा प्रवेशही ठरवता येतो. अनपेवॉलला मी तसंच ठेवलंय. कुलूप बघायला एक क्लिक जास्त लागतो, इतकंच.