व्हिनेग्रेट

व्हिनेग्रेट हे तेल व व्हिनेगर घुसळून केले जाणारे, फ्रेंच पाककलेतील सॅलड ड्रेसिंग आहे. व्हिनेगर या अर्थाच्या ‘व्हिनेग्र’ या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आंबट वाइन’ असा होतो. मस्टर्ड, म्हणजे वाटलेल्या मोहरीचे तयार तोंडीलावणे, संपत आले की त्याच बरणीत व्हिनेग्रेट करण्याची घरगुती पद्धत आहे. त्यामुळे बरणीच्या कडांना चिकटलेला अंश वाया जात नाही.

कृती
साधारणपणे 3 भाग तेलास 1 भाग व्हिनेगर घेतात. मीठ तेलात विरघळत नसल्याने ते आधी व्हिनेगरसह बरणीत घालून हलवतात. नंतर तेल ओतून, झाकण घट्ट लावून बरणी जोराने हलवतात. व्हिनेगरऐवजी लिंबाचा रसही वापरतात. मधाच्या रिकाम्या होत आलेल्या बरणीत गोडसर ड्रेसिंग होते.

शास्त्रीय आधार
तेल पाण्यात मिसळत नाही. हलवल्याने तेलाचे सूक्ष्म थेंब होतात आणि मोहरीतील चिकट द्रव्य त्यांना काही काळ पुन्हा एकत्र येऊ देत नाही. अशा मिश्रणास पायस किंवा इमल्शन म्हणतात. मेयोनेझमध्ये हेच कार्य अंड्याच्या बलकातील लेसिथिन करते.

दक्षता
कच्चा लसूण नुसत्या तेलात घालून फ्रिजबाहेर ठेवल्यास क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हे जिवाणू वाढून घातक विष तयार होऊ शकते. ते वासावरून ओळखता येत नाही. म्हणून लसूण घातलेले ड्रेसिंग ताजेच वापरावे. बुरशी आलेली बरणी मात्र टाकून द्यावी.