वसतिगृहाची बॅग भरताना

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या, की आमच्या जळोचीच्या आसपास रस्त्यावर दोन प्रकारचं सामान दिसायला लागतं. एक येणारं आणि एक जाणारं. आमचं गाव आता बारामती शहराचाच भाग झालंय. भिगवण रस्त्यावरची विद्यानगरी इथून जवळ, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय शहरात, शारदानगर माळेगावच्या बाजूला. इंदापूर, करमाळा, फलटणकडची मुलं गादीची गुंडाळी घेऊन इथे उतरतात आणि इथली मुलं तशीच गुंडाळी घेऊन पुण्याच्या एसटीत चढतात.

मी काही वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. पहिल्या दोन महिन्यांत सामान बांधून घरी परतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांत अभ्यास झेपला नाही म्हणून परतलेल्या अगदी थोड्या. बाकीच्यांना हैराण केलं ते तापानं, न वाळलेल्या कपड्यांनी, बिघडलेल्या पोटानं आणि अडकलेल्या पैशांनी. घरी या गोष्टी कुणीतरी न बोलता सांभाळत असतं, बहुतेक वेळा आई. तेव्हा बॅग भरताना एकच प्रश्न विचारावा: आई माझ्यासाठी रोज काय काय करते, आणि ते मला करायचं तर काय लागेल?

आधी जागेचा हिशेब करू. तीन फूट रुंद, सहा फूट लांब कॉट, एक कपाट, एक टेबल, एवढंच आपलं राज्य. खोलीत आणखी दोघी-तिघी असतात. म्हणून सामान इतकंच न्यावं, की एसटीतून ते एका खेपेत आपलं आपल्याला उतरवता आलं पाहिजे. वर्षभराचं सामान जुलैतच न्यायची गरज नसते. पावसाळ्याचं आता न्यावं, स्वेटर दिवाळीच्या सुट्टीनंतर न्यावा. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींना मधे एखादी खेप घरी मारणं परवडतं.

बॅगेत सर्वांत आधी ठेवायची ती कागदपत्रांची फाईल. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, आधार आणि बँकेचं पासबुक. मूळ कागद कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढाव्यात आणि मोबाइलमध्ये स्वच्छ फोटो ठेवावेत. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांनी तो दाखलाही बरोबर घ्यावा. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिला तो लागतो. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे.

या योजनांचे अर्ज आता ऑनलाइन असतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. आधारला जो मोबाइल नंबर जोडलेला असतो, त्यावर ओटीपी येतो. खूप घरांत तो नंबर वडिलांचा असतो, आणि वडील उसाला पाणी देत असतात. माझ्याकडच्या एका मुलीच्या आधारला तर कधीच बंद पडलेला नंबर होता. नवा नंबर जोडून होईपर्यंत अर्जाची मुदत संपली आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. मुलगी हुशार होती, कागदही सगळे होते. तेव्हा घर सोडण्याआधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या. या कामाला बॅगेत जागा लागत नाही, पण ते सगळ्या सामानाहून मोलाचं आहे.

आता अंथरूण-पांघरूण. आजीनं शिवलेली वाकळ मायेची असते, पण पावसाळ्यात धुतली तर चार दिवस वाळत नाही. त्यापेक्षा एक सतरंजी, दोन पातळ चादरी आणि एक सोलापुरी चादर बरी. कपड्यांचंही तसंच, लवकर वाळतील असे न्यावेत. नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे लागतातच. प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूला दोऱ्यानं आपलं अक्षर काढावं, म्हणजे दोरीवरची भांडणं होत नाहीत. सुई-दोरा आणि चार बटणं बरोबर ठेवावीत. कपाटाला कडी-कोयंडा बहुधा असतो, कुलूप आपलं असतं. ते मजबूत घ्यावं आणि एक किल्ली घरी ठेवावी.

बादली झाकणाची घ्यावी. प्रवासात तिच्यात साबण, मग, चपला, दोरी सगळं मावतं. वसतिगृहात पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून ते भरून ठेवावं लागतं. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. म्हणून झाकण हवं, आणि आठवड्यातून एकदा बादली रिकामी करून घासायला हवी. मच्छरदाणी न्यायला लाजू नये.

औषधांच्या डबीत थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, मलमपट्टी आणि ओआरएसची पाकिटं असावीत. ओआरएस किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते पेलाभर पाण्यात कालवून पिऊ नये. नेहमीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. मुलींनी सॅनिटरी पॅड दोन महिन्यांचे तरी न्यावेत. आईनं हा विषय निघताना कुजबुजत न सांगता आधीच नीट सांगावा.

काय नेऊ नये तेही सांगते. पाणी तापवायचा रॉड आणि विजेची शेगडी. वसतिगृहात त्यांना मनाई असते, ती उगाच नाही. खोलीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,४०० वॅटचं. रॉड एकटाच १,००० ते १,५०० वॅट ओढतो. त्याच बोर्डावर कुणी इस्त्री लावली, की वायर तापते, प्लास्टिक वितळतं आणि आग लागते. आयएसआय शिक्क्याचा एक बोर्ड, चार्जर आणि एक टॉर्च पुरे. सोन्याचे दागिनेही घरीच बरे.

खाण्याचं काय? ज्यात पाणी नाही ते टिकतं, हे साधं शास्त्र आहे. आपल्या ज्वारीच्या मुलखात कडक भाकरी होते. तिच्यातला ओलावा गेलेला असतो, म्हणून ती कितीतरी दिवस राहते. तिच्या जोडीला शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी न्यावी. मेसचं जेवण चुकलं तरी पोर उपाशी झोपत नाही. फक्त चटणीत ओला चमचा घालू नये, आणि डबा घट्ट झाकणाचा घ्यावा.

वसतिगृहांचं आपल्या महाराष्ट्रावर फार मोठं ऋण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथली मुलं स्वतः काम करत शिकली. ती हातातली सवय घेऊन बाहेर पडली आणि तिच्या जोरावर पुढे उभी राहिली.

म्हणून आई-वडिलांना माझी विनंती आहे, की बॅग तुम्ही भरू नका. यादी मुलांना करू द्या, घड्या त्यांना घालू द्या. जाण्याआधी महिनाभर त्यांनी स्वतःचे कपडे धुवावेत, बटण लावावं, बँकेत जाऊन स्लिप भरावी, निदान खिचडी टाकावी. मुलगा असो की मुलगी, दोघांनीही. वस्तू काय, बारामतीच्या बाजारात मिळते तशी पुण्यातही मिळते. ती वापरायची सवय मात्र घरूनच न्यावी लागते.