बिस्टर ते लंडन : परतीच्या वाटेचा विचार

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, लंडनपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या बिस्टर या गावी, नामांकित कंपन्यांचा मागील हंगामातील माल सवलतीच्या दरात विकणारी जी पेठ 1995 साली सुरू झाली, ती ‘बिस्टर व्हिलेज’ या नावाने आज देशोदेशी ख्यातनाम झाली असून, लंडनला जाणारे आपल्याकडील प्रवासीही तिच्याकरिता एखादा दिवस राखून ठेवतात. मात्र तेथे माणूस मोकळ्या हातांनी जातो आणि परततो तो पिशव्यांच्या ओझ्यासह. म्हणून वाहन ठरवताना येण्याचा विचार जाण्याच्याही आधी करावा.

या कसोटीस आगगाडी सर्वांत अधिक उतरते. बिस्टर-ऑक्सफर्ड हा एकोणिसाव्या शतकातील लोहमार्ग 1968 पासून उतारूंसाठी बंद होता. 1987 मध्ये तो पुन्हा खुला झाला. आणि पुढे लंडनकडील मुख्य मार्गाशी त्यास जोडणारा छोटा नवा फाटा टाकण्यात येऊन 2015 च्या ऑक्टोबरात ‘बिस्टर व्हिलेज’ या नव्या नावाचे स्थानक सुरू झाले. स्थानकातून पायवाटेने काही मिनिटांत पेठेत पोहोचता येते, आणि फलाटावरील घोषणा इंग्रजीबरोबर चिनी व अरबी भाषांतही ऐकू येतात, यावरून तेथील गिऱ्हाइकांची कल्पना यावी. चिल्टर्न रेल्वेची गाडी येथून लंडनच्या मेरिलबोन स्थानकास पाऊण ते एक तासात पोहोचवते, आणि तेथे भुयारी रेल्वेची बेकरलू शाखा मिळते. तथापि मुक्कामाचे ठिकाण त्या शाखेवर नसेल, तर गाडी बदलताना ते ओझे जिन्यांवरून वाहावे लागते, हेही ध्यानी धरले पाहिजे.

सहलकंपन्यांच्या बसगाडीत ही दगदग नसते, कारण सामान बसच्या पोटात जाते; परंतु निघण्याची वेळ दुसऱ्याने मुक्रर केलेली असते आणि सायंकाळच्या गर्दीत एम-40 हा महामार्ग संपून शहर लागले की प्रवासाचा काळ किती लांबेल याची हमी कोणी देत नाही. खासगी मोटारीने दारापासून दारापर्यंतची सोय होते, आणि चौघांत भाडे वाटले गेल्यास ती फारशी महागही पडत नाही. मात्र वाहतुकीची अडचण तिलाही चुकत नाही, आणि मध्य लंडनमध्ये 2003 पासून गर्दीचा कर आकारला जातो, तो हिशोबात धरावाच लागतो.

मुक्काम ऑक्सफर्ड येथे असल्यास प्रश्नच सुटतो. त्याच मार्गावरील आगगाडी 2016 च्या डिसेंबरापासून थेट त्या शहरात जाते आणि अंतर अवघ्या पंधरा-वीस मिनिटांचे आहे.

सारांश, एकट्या-दुकट्याने आगगाडी, वृद्ध व लेकुरवाळ्या कुटुंबाने मोटार, आणि आखीव सहलीची आवड असणाऱ्याने बस पत्करावी. परंतु काहीही पत्करले, तरी खरेदीस आरंभ करण्यापूर्वी परतीच्या वाहनाची वेळ पक्की करून घ्यावी.