वाचकाची दिनचर्या

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथातील सूत्रस्थानाचा चौथा अध्याय रोग मुळात उत्पन्नच होऊ नयेत म्हणून काय करावे याविषयी आहे, आणि ज्या तेरा वेगांचे मनुष्याने कधीही धारण करू नये असे त्याच्या आरंभी बजावले आहे, त्यांची यादी एखाद्या कादंबरीवेड्या वाचकाने मध्यरात्री, प्रकरण संपण्यास दहा पाने उरली असताना, स्वतःच्या अवस्थेशी ताडून पाहण्याजोगी आहे. तहान लागलेली असते, पण पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात असतो; लघवीला जायचे अर्ध्या तासापासून लांबणीवर पडलेले असते; जांभयांवर जांभया येत असतात, झोपेने पापण्या जड झालेल्या असतात, आणि तरीही पान उलटणारा हात काही थांबत नाही. तृषा, मूत्र, जांभई, निद्रा, आणि जेवणाची हाक ऐकूनही उठणे झाले नसेल तर क्षुधा, असे पाच वेग एका बैठकीत अडवून धरणाऱ्या माणसाला आपण व्यासंगी म्हणून गौरवितो, आणि त्याच्या तब्येतीची विचारपूस करण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.

त्याच यादीत अश्रूही आहेत. अडवलेल्या आसवांमुळे पडसे, डोळ्यांचे व मस्तकाचे दुखणे, मान आखडणे, अन्नावरची वासना उडणे, भोवळ येणे इत्यादी विकार संभवतात असे सांगून वाग्भटाने त्यांवर जे उपाय दिले आहेत, त्यांत मद्याखेरीज आणखी दोनच गोष्टी आहेत: निद्रा आणि प्रिय कथा. ही कार्यकारणपरंपरा आजच्या वैद्यकास जशीच्या तशी मान्य होणार नाही. तथापि गोष्टीला औषधांच्या पंक्तीत, आणि तीही झोपेच्या शेजारी, बसवणारी ती दृष्टी मला अत्यंत मोलाची वाटते. आपण मात्र या दोघींना एकमेकींच्या वैरिणी करून ठेवले आहे. ज्या वाचनाचा वेळ झोपेतून, जेवणातून आणि पायी चालण्यातून चोरून काढावा लागतो, त्याने शरीराची हानी होतेच, परंतु वाचन म्हणूनही ते कच्चे राहते. सबब वाचनाला दिनचर्येत राजरोस आणि हक्काची जागा मिळाली पाहिजे, हेच मला येथे सांगावयाचे आहे.

अशी जागा आपल्या घरांतून पूर्वी होती. पोथीवाचनाची जुनी रीत ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल की, चातुर्मासात सकाळचे स्नान आटोपून वाचणारा आसनावर बसे, बासनाची गाठ सोडून पोथी समोरच्या लाकडी घडीच्या व्यासपीठावर ठेवी, आणि ठसठशीत टाइपातल्या त्या आडव्या, सुट्या पानांवरील ओव्या मोठ्याने म्हणत म्हणत वाची. या प्रत्येक गोष्टीचा हेतू धार्मिक होता हे खरे. परंतु तिचा परिणाम देहावरही होत असे. व्यासपीठावर तिरकी उभी राहिलेली पोथी वाचताना मान फारशी झुकवावी लागत नसे. अक्षर मोठे असल्यामुळे डोळ्यांपासून ते हातभर लांब ठेवता येई. ओवीच्या चरणाचरणाला श्वासाला विसावा मिळे. आणि मुख्य म्हणजे वाचन किती करावयाचे ते आधीच ठरलेले असे. एक अध्याय म्हणजे एक अध्याय; तो संपला की आरती, आणि पोथी पुन्हा बासनात. गुरुचरित्राच्या सप्ताहात तर रोज कोणत्या अध्यायापर्यंत यावयाचे, काय खावयाचे, कोठे निजावयाचे, येथपर्यंत शिरस्ता घालून दिलेला असतो. या रीतीतील सोवळेओवळे आणि बायकांवर घातलेली बंधने परत यावीत असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु वाचावयास कसे बसावे, किती वाचावे आणि केव्हा उठावे, हे तीन प्रश्न त्या रीतीने सोडवले होते, आणि मनातल्या मनात, एकांतात, मिळेल त्या आसनात वाचणाऱ्या आपल्या पिढ्यांनी ते अनुत्तरित ठेवले आहेत.

दिवाळीच्या दिवशी हा विसर फार ठळक दिसतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अभ्यंगस्नान आणि अंकवाचन या दोन गोष्टी मराठी घरात एकाच सकाळी येऊन बसल्या आहेत. पहाटे तेल लावून, उटणे चोळून शरीराची निगा राखावयाची, आणि दुपारी त्याच शरीराला गादीवर पालथे घालून, दोन्ही कोपरांवर छातीचा भार तोलत, एका हाताने चकली मोडत, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत त्याची वास्तपुस्त करावयाची नाही, असा हा क्रम आहे. मनुष्याच्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते. मान साठ अंशांनी पुढे झुकली की तिच्या मणक्यांवर पडणारा भार सत्तावीस किलोपर्यंत जातो, असे एका अमेरिकन शल्यविशारदाने २०१४ साली गणित करून दाखविले आहे. मांडीवर पुस्तक किंवा हातात मोबाईल घेऊन वाचणाऱ्याची मान बहुधा याच सुमारास झुकलेली असते. पुस्तकाखाली एक उशी घेतली, पाठीला भिंतीचा आधार दिला, आणि अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारली, तरी या तक्रारीचा बराचसा निकाल लागतो.

डोळ्यांची कथा थोडी निराळी आहे, कारण त्यांच्याविषयी भीती अवास्तव आणि काळजी अपुरी असा प्रकार आहे. जॉन मिल्टनने १६५४ साली लिहून ठेवले की, वयाच्या बाराव्या वर्षापासून आपण मध्यरात्रीपूर्वी अभ्यास सोडून क्वचितच निजावयास गेलो आणि तेच आपल्या दृष्टीच्या ऱ्हासाचे पहिले कारण झाले. त्या महाकवीच्या अंधत्वाविषयीची ही समजूत पुढे अनेक पिढ्यांच्या आईबापांनी मुलांच्या हातातील पुस्तक काढून घेण्यासाठी वापरली. वास्तविक मंद उजेडातील वाचनाने डोळे शिणतात, दुखतात, पण कायमचे बिघडत नाहीत. जवळचे पाहताना डोळ्याच्या आतील सूक्ष्म स्नायू आकुंचित राहून भिंगाला अधिक गोलाई देतो, आणि दूर पाहिले की सैल पडतो. म्हणजे तासभर सलग वाचणे म्हणजे त्या स्नायूला तासभर मूठ आवळून ठेवायला लावणे होय. शिवाय एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी वाचताना निम्म्याहून कमी वेळा लवते, त्यामुळे बुबुळावरील अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहण्याचा जो नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात तो पाळण्यास खिडकीबाहेरचे एखादे झाड पुरे होते. चाळिशी लागल्यावर ती वापरण्यास संकोच करून, पुस्तक लांब लांब धरीत डोकेदुखी ओढवून घेणारी माणसे मला अनेक भेटतात. त्यांनी एवढी तरी मुभा स्वतःला द्यावी.

मुलांच्या बाबतीत मात्र काळजीला जागा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरी बारा शाळांत एक प्रयोग करण्यात आला: त्यांतील सहा शाळांनी पहिलीच्या मुलांसाठी रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर ठेवला. तीन वर्षांनी पाहता, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी जडली होती, तर या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत पुस्तके कमी करण्याची शिफारस कोठेही नाही. ऊन आणि मोकळी जागा वाढविण्याची आहे. ज्या घरातले मूल वाचते, त्या घराने संध्याकाळचे मैदान अधिक कसोशीने सांभाळावे, हा त्याचा अर्थ.

झोपेचा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण वाचनाचे खरे सुख बहुतेकांना रात्रीच सापडते, आणि त्याला हात घातला की वाचक दुखावतो. परंतु येथेही वैर कल्पित आहे. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक शब्दखंड पाठ करावयास लावून पाहिले, तेव्हा पाठांतरानंतर जे तास झोपेत गेले त्यांत विसरणे पुष्कळच कमी झाले, आणि जे जागेपणी गेले त्यांत अधिक. झोपेत स्मरण दृढ होते हे पुढील शंभर वर्षांत नाना प्रकारे तपासले गेले आहे. तात्पर्य, दोन वाजेपर्यंत जागून पुस्तक संपविणारा वाचक, ज्या क्रियेने ते पुस्तक त्याच्या मनात मुरावयाचे, तिलाच कात्री लावीत असतो. दुसऱ्या दिवशी शेवटच्या शंभर पानांतील त्याला फारच थोडे सांगता येते, हा अनुभव कोणीही तपासून पाहावा. कागदी पुस्तक आणि उजळ पडदा यांतही भेद आहे. बोस्टन येथे बारा जणांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निजण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांच्या शरीरात निद्रेची वर्दी देणारे मेलॅटोनिन हे द्रव्य, छापील पुस्तक वाचणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे दीड तास उशिरा स्रवू लागल्याचे आढळले. रात्रीसाठी म्हणून मी तरी ललित निबंध, पत्रसंग्रह, प्रवासवर्णने अशी पुस्तके सुचवीन, ज्यांचा एकेक भाग स्वयंपूर्ण असतो आणि जी मिटताना पुढे काय झाले या प्रश्नाची टोचणी लागत नाही. रहस्यकथा रविवारच्या सकाळी अधिक रंगते.

व्यासंग आणि शरीरधर्म यांचा मेळ ज्यांनी घातला अशी माणसे आपल्याकडे झाली आहेत. टिळकांनी १८७३ साली डेक्कन कॉलेजात प्रवेश केल्यावर पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा कुस्ती, पोहणे आणि व्यायाम यांना दिले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढे मंडालेच्या तुरुंगात, मधुमेहाने ग्रासलेले असताना, १९१०-११ च्या हिवाळ्यातील अवघ्या काही महिन्यांत 'गीतारहस्या'सारखा ग्रंथ हातावेगळा करणाऱ्या शरीराची ती पूर्वतयारी होती, असे मला वाटते. इतिहासाचार्य राजवाड्यांना दफ्तरे मिळवावयाची म्हणून गावोगाव पायी हिंडावे लागले, आणि त्यांच्या संशोधनातच चालणे येऊन गेले. पण या विषयात मला सर्वाधिक जवळच्या वाटतात त्या दुर्गाबाई भागवत. ऐन तारुण्यात दीर्घ आजाराने त्यांना अंथरुणाला खिळविले. त्यातून उठून मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात वर्षानुवर्षे नित्यनेमाने बैठक मारणाऱ्या या विदुषीने १९५६ साली 'ऋतुचक्र' दिले आणि 'खमंग' हे खाद्यपदार्थांविषयीचे पुस्तकही लिहिले. झाडाला पालवी केव्हा फुटते आणि फोडणीत काय पडते, या दोहोंकडे ज्या अवधानाने त्यांनी पाहिले, त्याच अवधानाने त्यांनी ग्रंथ वाचले, आणि म्हणूनच त्यांच्या विद्वत्तेला कोरडेपणाचा स्पर्श झाला नाही.

मात्र हा मेळ घालणे प्रत्येकाच्या हाती नसते, हेही सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून मिटेपर्यंत, बहुधा अर्धपोटी, बसत; पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. मधुमेह, सांधेदुखी, मज्जातंतूंचा विकार, दुखणारे डोळे यांनी त्यांना अखेरपर्यंत छळले, आणि तरीही ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्याजवळ होते. या जागरणाला कोणी हौस म्हणू नये. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याची सारी थकबाकी एकाच देहाने फेडावयास घेतली होती. वेळ पुरेल अशी मुदतच त्यांना कोणी दिली नव्हती. अशा माणसाला दिनचर्येचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

लहान प्रमाणावर हीच कोंडी आपल्या घरोघरी आहे. घरातील स्त्री वाचते केव्हा? ओटा पुसून, दूध विरजून, सकाळच्या डब्याची भाजी निवडून ठेवून, सगळी निजल्यावर, म्हणजे अकराच्या पुढे. आणि उठते ती पाच-साडेपाचला. तिला 'जागत जाऊ नकोस' असे सांगणारे घर तिच्या प्रकृतीची काळजी वाहते असे दिसते, पण दिवसाचा एकही तास तिच्या नावे न करता दिलेला तो सल्ला म्हणजे तिचे वाचन बंद करण्याचे फर्मानच होय. अमेरिकेत पन्नाशी उलटलेल्या ३,६३५ लोकांची बारा वर्षांची माहिती तपासून येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की, पुस्तके वाचणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी होते. आणि त्यासाठी त्यांचे वाचन आठवड्याला काही तासच, म्हणजे दिवसाला अर्ध्या तासाच्या आसपास, होते. वाचनानेच आयुष्य वाढते असे यावरून सिद्ध होत नाही. पण अर्ध्या तासाचे माप कोणत्याही घराला परवडण्यासारखे आहे. दुपारी किंवा संध्याकाळी एक ठराविक वेळ तिची म्हणून मुक्रर करावी, त्या वेळात दारावरची घंटा, कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचे गृहपाठ घरातील दुसऱ्या माणसाने पाहावेत. आणि आठवड्यातून दोनदा वाचनालयात पुस्तक बदलावयास तिने स्वतः, पायी, जावे, म्हणजे तिचे चालणे त्यातच होऊन जाईल.