रक्त कमी आहे, पण कशामुळे?

लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या त्या एका कोड्याचा माग काढत. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या आणि त्यातल्या कितीतरी दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी या स्त्रियांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसल्या. लोह कमी पडले की पेशी लहान होतात. इथे तर उलटच प्रकार होता. मग त्यांनी या बायकांचा आहार तपासला, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टपासून बनवलेला मार्माइट नावाचा स्वस्तातला पदार्थ देऊन पाहिला. बायका सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. मार्माइटमधले ते गुणकारी द्रव्य पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारे फोलिक अॅसिड ते हेच. रक्त कमी असणे म्हणजे लोह कमी असणे नव्हे, हा धडा परळमध्ये मिळाला होता. त्याच महाराष्ट्रात आज हिमोग्लोबिनचा आकडा कमी आला की पुढचा प्रश्न न विचारता लोहाची गोळी हातात पडते. या सवयीला माझा आक्षेप आहे. आक्षेप गोळीला नाही, न विचारलेल्या प्रश्नाला आहे.

तो प्रश्न का महत्त्वाचा, हे कळायला तांबड्या पेशीची जन्मकथा थोडी पाहावी लागते. हाडांच्या पोकळीतल्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. रक्तात उतरण्यापूर्वी त्या आपले केंद्रक टाकून देतात, सुमारे १२० दिवस प्राणवायूची ने-आण करतात आणि मग मुख्यतः प्लीहेत त्यांची मोडतोड होते. ही पेशी घडवायला लोह लागते, पेशीविभाजनासाठी फोलिक अॅसिड आणि बी-१२ लागते, ग्लोबिनच्या साखळ्यांचा बिनचूक आराखडा जनुकांत असावा लागतो, मूत्रपिंडाकडून एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा हुकूम यावा लागतो आणि मुळात मगज शाबूत असावा लागतो. यातले काहीही बिघडले, पेशी वेळेआधी फुटू लागल्या किंवा रक्त शरीराबाहेर जाऊ लागले, तरी प्रयोगशाळेच्या कागदावर दिसते ते एकच: हिमोग्लोबिन कमी. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी १२ आणि पुरुषासाठी १३ ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आकडा त्याखाली गेला की अॅनिमिया आहे एवढेच ठरते. कोणता आहे, ते ठरत नाही.

लोहाची कमतरता हे यातले सर्वांत मोठे एकटे कारण आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. नाहीतर पुढचे सगळे विवेचन लोहाविरुद्धची तक्रार वाटेल. प्रौढाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. जुन्या पेशी मोडून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह परत वापरात येते, आणि आहारातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषले जाते. हिशेब इतका काटेकोर असल्यामुळे मासिक पाळी, लागोपाठची बाळंतपणे किंवा आतड्यातले अंकुशकृमी तो सहज तुटीत नेतात. आपली भाकरी-डाळ लोहाने अगदी दरिद्री नाही, पण धान्यातल्या फायटेटमुळे ते अंगी लागत नाही, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा उरलेसुरलेही अडवतो. ताटातली लिंबाची फोड त्यावर खरोखर उपाय आहे. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, ही मात्र भाबडी समजूत. पण इथेही ‘का’ विचारावेच लागते. पन्नाशीतल्या पुरुषाचे लोह कमी आले, तर त्याच्या जठरातून वा आतड्यातून कुठेतरी रक्त झिरपत असण्याची शंका घ्यायला हवी. तो व्रण असेल किंवा कर्करोगही. अशा माणसाला नुसती गोळी दिली तर आकडा सुधारेल आणि रोग आत वाढत राहील.

आता सरकारी आकडे पाहू. पौष्टिक कारणांनी होणाऱ्या रक्तक्षयाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला, किशोरवयीनांसाठी आठवड्याच्या निळ्या गोळ्या २०१३ पासून आल्या, २०१८ साली ‘अॅनिमिया मुक्त भारत’ आले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधले प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५७ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेले, आणि पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये सुमारे ५४ वरून ६९ टक्क्यांवर. पन्नास वर्षे गोळ्या वाटून आजार वाढला, असा याचा अर्थ काढायची घाई मात्र करू नये. या पाहणीत बोटाला टोचून काढलेला थेंब तपासतात, आणि त्या पद्धतीत आकडा इकडेतिकडे होतो. शिरेतून रक्त घेऊन २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये अॅनिमिया ४१ टक्के आणि किशोरवयीनांमध्ये २८ टक्के निघाला. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे खरे, पण फरक तेवढ्याने मिटत नाही. म्हणजे आपण मोजतो तेही नीट मोजत नाही. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने याच पाहणीतली दुसरी माहिती अधिक मोलाची आहे. किशोरवयीनांमध्ये लोहाची कमतरता २२ टक्क्यांना होती, बी-१२ची ३१ टक्क्यांना आणि फोलेटची ३७ टक्क्यांना. निळ्या गोळीत लोह आणि फोलिक अॅसिड असते. बी-१२ नसते.

बी-१२ वनस्पतीत मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मांस एवढेच त्याचे मार्ग, आणि ज्या घरात दूध चहापुरतेच येते तिथे शाकाहार आणि गरिबी मिळून ही वाट बंद करतात. पण हा केवळ गरिबांचा प्रश्न नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले. त्यातल्या ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी होते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटते. इथे नुसते फोलिक अॅसिड देण्यात एक जुना, पाठ्यपुस्तकी धोका आहे: रक्ताचा आकडा सुधारतो, पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मरण ही लक्षणे मग वयाच्या खात्यावर मांडली जातात.

जनुकांतून येणाऱ्या बिघाडांची गोष्ट याहून वेगळी, आणि महाराष्ट्राला जवळची. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन किंचित कमी आणि पेशी लहान असतात. वरवर पाहता लोहाच्या कमतरतेसारखेच चित्र. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत वाहक जास्त आढळतात, पण कोणताही समाज पूर्ण सुटलेला नाही. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. त्याची वर्षे ‘रक्त कमी, गोळ्या घ्या’ या सल्ल्यात जातात. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची: दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारे मूल, ज्याच्या शरीरात त्या चढवलेल्या रक्तातून लोह साठून हृदय आणि यकृत बिघडते. त्याला लोह द्यायचे नसते, औषधे देऊन बाहेर काढायचे असते. लोहाच्या गोळीने न हलणारा आकडा हीच त्या वाहकाला वेळेवर ओळखण्याची संधी होती, आणि ती कोणीच घेतली नाही.

सिकलसेलमध्ये ग्लोबिनच्या साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदलते, तेवढेच. पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. सांधे-हाडे ठणकवणारी क्रायसिस थंडीत, तापात, पाणी कमी प्यायल्याने, अतिश्रमाने उद्भवते. हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवले; भारतात तो १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. आज त्याचा पट्टा ओडिशा, छत्तीसगडपासून विदर्भ, नंदुरबारमार्गे दक्षिण गुजरातपर्यंत जातो. तो केवळ आदिवासींचा आजार नाही. विदर्भातल्या अनुसूचित आणि इतर मागास जातींतही तो आहे. हे जनुक इतके का टिकले, याचे उत्तर मलेरियात आहे. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या ‘एएस’ व्यक्तीला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये मांडले. म्हणूनच गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरताही आहे. या कमतरतेच्या रुग्णाला मलेरियाचे प्रायमाक्विन दिले तर तांबड्या पेशी भराभर फुटू शकतात. एकाच गावातल्या तीन फिकट चेहऱ्यांमागे कृमी, सिकलसेल आणि औषधाने फुटलेल्या पेशी अशी तीन वेगळी कारणे असू शकतात. सिकलसेलची दोन्ही जनुके असलेल्या ‘एसएस’ मुलाला हायड्रॉक्सियुरिया, फोलिक अॅसिड, लसी आणि वेळेवर उपचार हवे असतात. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय दिलेले लोह त्याच्या कामाचे नाही.

याखेरीज दीर्घ आजारातला रक्तक्षय असतो. क्षयरोग, संधिवात यांसारख्या दाहात यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि लोह साठ्यातच कोंडले जाते. लोह असते, मिळत नाही. मूत्रपिंड निकामी होताना हुकूमच येत नाही. आणि मगजच सुकला तर तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका तिन्ही घटतात; त्या अप्लास्टिक अॅनिमियात गोळीने दवडलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

यावर सार्वजनिक आरोग्यात काम करणारे म्हणतील की कोट्यवधींच्या देशात प्रत्येकाचे फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) आणि बी-१२ तपासणे परवडणार नाही; गोळी स्वस्त आहे, बहुतेकांना उपयोगी आहे, ती आधी द्या. हा युक्तिवाद वजनदार आहे आणि गरोदर स्त्रियांबाबत तर मला तो पूर्ण मान्य आहे. पण गोळी हीच एक तपासणी म्हणून वापरता येते. लोहाची कमतरता असेल आणि गोळी खरोखर पोटात जात असेल, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते. वाढले नाही तर पुढे तपासा. मग उरणाऱ्या थोड्यांनाच खर्चिक चाचण्या लागतील. शिवाय यंत्रावर केलेल्या साध्या हिमोग्राममध्ये पेशीचा सरासरी आकार, एमसीव्ही, आपोआप छापून येतो. आकार लहान असेल तर लोह किंवा थॅलेसेमिया, मोठा असेल तर बी-१२ किंवा फोलेट, एवढी दिशा विनाखर्च मिळते. पेशी लहान पण त्यांची संख्या भरपूर असेल, तर वाहकाची शंका घेऊन एचबी-ए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी करता येते. ‘अॅनिमिया मुक्त भारत’च्या सहा उपायांत पोषणाबाहेरच्या कारणांचा समावेश आहेच. तो अमलात शेवटचा राहतो, ही अडचण आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. तपासणीने माणसावर शिक्का बसतो, मुलींची लग्ने मोडतात. ही भीती खोटी नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सिकलसेलची तपासणी झाल्यावर वाहकांना कमी लेखले गेले आणि काहींनी लग्न जमवताना ते लपवले, असे १९७० च्या दशकातच दिसून आले होते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले, तेव्हा हा धोका सात कोटींपुढे आहे. पण त्यावर उपाय तपासणी थांबवणे हा नाही. अहवालाबरोबर समुपदेशक हवा, वाहक म्हणजे रोगी नव्हे हे शाळेच्या पुस्तकात हवे, आणि दोघेही वाहक असले तरी गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते हे त्या जोडप्याला लग्नाआधी माहीत हवे. अज्ञानाने लग्ने टिकतील, पण त्याची किंमत पुढचे मूल मोजते.

तेव्हा घरातल्या कोणाचा अहवाल हाती आला की हिमोग्लोबिनच्या आकड्यावर थांबू नका. त्याच कागदावर खाली एमसीव्ही छापलेला असतो. तो डॉक्टरांना दाखवा, कारण विचारा, आणि महिनाभर गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलला नाही तर पुढची तपासणी मागून घ्या.