डोळे येणे आणि स्टेरॉईडचे थेंब

सन २०२३ च्या जुलै महिन्यात पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे डोळे येण्याची मोठी साथ उद्भवली व लवकरच ती राज्याच्या अनेक जिल्ह्यांत पसरली. अशा साथीत घरातील जुन्या बाटलीतले अथवा शेजाऱ्याने दिलेले थेंब डोळ्यांत घालण्याची प्रवृत्ती आढळते. त्यांत स्टेरॉईड असल्यास दृष्टीस कायमचा धोका संभवतो.

साथीत डोळे येतात ते बहुधा विषाणूंमुळे, विशेषतः अॅडिनो विषाणूमुळे. त्यावर खास औषध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्याचा नाश करते आणि साधारणतः दोन आठवड्यांत डोळा पूर्ववत होतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन इत्यादी स्टेरॉईडे दाह शमवितात. त्यामुळे लाली झपाट्याने उतरते. परंतु विषाणू मरत नाही. उलट, प्रतिकारशक्ती दुबळी झाल्याने तो डोळ्यात अधिक काळ टिकतो. लाली गेली म्हणजे रोग गेला, असे नव्हे.

खरा घात होतो तो हर्पीस विषाणूच्या बाबतीत. तापानंतर ओठांवर फोड उठविणारा हा विषाणू बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर झाडाच्या फांदीसारखा व्रण निर्माण करतो. आरंभी हा डोळाही साथीच्या डोळ्यासारखाच लाल दिसतो. त्यात केवळ स्टेरॉईड घातल्यास व्रण पसरतो, खोल जातो आणि भरून आला तरी डोळ्यात फूल पडून दृष्टी अधू होते. शेतात कुसळ वा पाते लागून होणाऱ्या बुरशीच्या व्रणातही असाच अनर्थ घडतो. दीर्घकाळ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा संभव असतो.

नेत्रतज्ज्ञ काही रुग्णांना स्टेरॉईड देतात, हे खरे. मात्र ते यंत्राने डोळा तपासून, गरजेनुसार विषाणुरोधक औषधाच्या जोडीने व ठराविक मुदतीपुरतेच देतात. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. अनेक बाटल्यांत ती प्रतिजैविकासोबत मिसळलेली असतात. म्हणून वेष्टनावरील नावे अवश्य वाचावीत.

डोळे आल्यास स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाची थंड घडी डोळ्यांवर ठेवावी, हात वारंवार साबणाने धुवावेत आणि रुमाल, टॉवेल वेगळा ठेवावा. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांस बरे वाटेपर्यंत घरी राहू द्यावे. डोळा तीव्र दुखणे, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा नेत्रतज्ज्ञ गाठावा. आठवडाभराची लाली सोसणे शक्य आहे. गेलेली दृष्टी परत मिळविणे मात्र दुष्कर आहे.